घरचं बियाणं द्यायचं, विकायचं: कुठपर्यंत चालतं, परवाना कुठे लागतो

रोहिणी निघाल्या की विदर्भात उतरंडीतली गाडगी खाली येतात. कोणाकडे मांडवावरच्या दोडक्याचं बी असतं, कोणाकडे बरबटीचं (चवळीचं), कोणी भरताच्या वांग्याचं बी कापडाच्या पुरचुंडीत राखलेलं असतं. शेजारीण मागते, पाहुणे मागतात, आणि आता तर दोन तालुके ओलांडून मोबाइलवर विचारणा येते, ‘काय भाव?’ नवखा माणूस इथेच अडतो. फुकट दिलं तर चालतं आणि पैसे घेतले की गुन्हा, असा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे. बियाणं कोणी पिकवलं, कुठून दिलं, कोणाला दिलं आणि पुडीवर काय लिहिलं, या चार गोष्टी पाहिल्या जातात. पैसा त्यानंतर येतो.

आधी कायदा

घरच्या बियाण्याला चार कायदे शिवतात. सगळे पाठ करायची गरज नाही, पण कोणता कुठे लागतो हे कळलं की निम्मी भीती जाते.

पहिला १९६६ चा बियाणे कायदा. त्याचं कलम ७ सांगतं की अधिसूचित (सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या) पिकाचं किंवा वाणाचं बियाणं विकण्याचा, विक्रीसाठी ठेवण्याचा, अदलाबदल करण्याचा किंवा पुरवण्याचा व्यवसाय करायचा तर बियाणं ओळखू येण्यासारखं हवं, उगवण आणि शुद्धता ठरलेल्या मर्यादेच्या वर हवी आणि पिशवीवर खरी माहिती देणारं लेबल हवं. अदलाबदल हा शब्द त्या कलमातच आहे. त्यामुळे ‘मी विकत नाही, बदल्यात देतो’ एवढं म्हणून सुटका होत नाही. सुटका कलम २४ मध्ये आहे. स्वतः पिकवलेलं बियाणं, स्वतःच्या जागेवर, थेट पेरणाऱ्या माणसाला विकलं किंवा दिलं, तर हा कायदा लागूच होत नाही. या वाक्यातले तीन तुकडे सुटे करून लक्षात ठेवा: स्वतः पिकवलेलं, आपल्या जागेवर, पेरणाऱ्यालाच. तिन्ही एकत्र असले तरच सूट मिळते. पुढचं जवळपास सगळं मार्गदर्शन या तीन तुकड्यांवर उभं आहे.

दुसरा, १९८३ चा बियाणे (नियंत्रण) आदेश. हा १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली निघाला आहे, म्हणून मोडला तर मामला दंडावर न थांबता तुरुंगापर्यंत जाऊ शकतो. परवान्याशिवाय बियाणे विक्रीचा व्यवसाय करता येत नाही, हे त्याचं सार. इथे ‘व्यवसाय’ हा शब्द मोलाचा. घरच्या वांग्याचं उरलेलं बी चार जणांना देणारी बाई विक्रेता ठरत नाही. दहा घरचं बी गोळा करून पुड्या बांधून विकणारा ठरतो. किती किलोपर्यंत चालेल असा आकडा कायद्यात नाही, त्यामुळे ‘दोन किलोच्या आत असलं की परवाना लागत नाही’ असं कोणी छातीठोक सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

तिसरा, २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बियाणं राखता, पेरता, पुन्हा पेरता, बदलता, वाटता आणि विकता येतं. वाण दुसऱ्या कोणाच्या नावावर संरक्षित असला तरी हा हक्क राहतो. अट एकच: संरक्षित वाणाचं बियाणं त्या वाणाच्या नावाने पाकिटात भरून, लेबल लावून विकायचं नाही. कायदा त्याला ‘ब्रँडेड बियाणं’ म्हणतो.

आता बारीक मुद्दा, जो भाषणांमध्ये हमखास सुटतो. कलम ३९ मधल्या या हक्काची सुरुवात ‘या कायद्यात काहीही असले तरी’ अशी आहे. या कायद्यात, म्हणजे २००१ च्या. वाणाच्या मालकाने दावा लावला तर हे कलम तुमच्या बाजूने उभं राहतं. पण बियाणे निरीक्षक दारात आला तर तो १९६६ आणि १९८३ चे कागद घेऊन येतो, आणि तिथे कलम ३९ दाखवून भागत नाही. तिथे कलम २४ दाखवावं लागतं.

चौथा, २००२ चा जैवविविधता कायदा. स्थानिक लोक आणि पीक घेणारे शेतकरी यांना त्यात मोकळीक आहे. बाहेरची मंडळी बियाणं मागायला आली की तो कामी येतो, त्याबद्दल पुढे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी जाहीर केला. म्हणून परवाना काढायला निघाल तेव्हा त्या दिवशी कोणता नियम चालू आहे हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारूनच अर्ज भरा.

पायरी १: बियाणं खरंच तुमचं आहे का ते पाहा

बाजारातून आणलेल्या भेद्राचं (टमाटराचं) बी काढून रोप केलं आणि ‘देशी टमाटर’ म्हणून वाटलं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. बाजारातलं टमाटर बहुतेक संकरित असतं. त्याच्या बियांतून दुसऱ्या पिढीत एक झाड उंच, एक ठेंगणं, एकाचं फळ गोल, दुसऱ्याचं लांबट असा गोंधळ निघतो. घेणाऱ्याला वाटतं फसवलं, आणि देशी म्हणून दिलं असेल तर त्याचं म्हणणं खोटंही नसतं. सलग तीन-चार हंगाम तेच झाड, तेच फळ, तीच चव येत असेल तरच वाण स्थिर आहे असं समजा आणि मगच नाव सांगून द्या.

जनुक बदललेल्या पिकाचं बियाणं या वाटेने अजिबात जात नाही. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीचं ‘चोर बीटी’ आपल्याकडे कोणाला सांगायला नको. त्याला घरचं बियाणं म्हणून कुठलीच सूट नाही. भाज्यांत हा प्रश्न वांग्याचा. बीटी वांग्यावर फेब्रुवारी २०१० पासून देशात स्थगिती आहे. अळी लागतच नाही म्हणून कोणी वांग्याचं बी हातात ठेवलं तर ते लावू नका, पुढे तर मुळीच देऊ नका.

नावाचंही पाहा. भिवापूरची मिरची आणि वायगावची हळद यांना भौगोलिक मानांकन आहे. तुमच्या वावरातली मिरची दिसायला तशीच असली तरी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद नसताना पुडीवर ‘भिवापुरी’ छापून विकणं अंगाशी येईल. ‘बुटकी लाल मिरची, घरची’ असं लिहिलं तर कोणाची हरकत नाही.

पायरी २: वाण वेगळा राखा

कायदा म्हणतो बियाणं ओळखू येण्यासारखं हवं. ते लेबलावर नंतर ठरतं, आधी वावरात ठरतं. बरबटी, पोपट (वाल) आणि भेद्रं ही बरीचशी स्वतःच्याच परागाने फळतात. दोन वाणांत दहा-पंधरा मीटर किंवा मध्ये ज्वारीच्या चार ओळी असल्या की घरगुती कामापुरतं पुरतं, भेद्राला पंचवीस मीटर सोडलं तर उत्तम. वांग्याला शंभर ते दोनशे मीटर, मिरची आणि भेंडीला दोनशे ते चारशे मीटर हवेत. वेलवर्गाला पाचशे ते हजार मीटर लागतात आणि गावठाणात एवढं अंतर कोणाकडेच नसतं. शेजारच्या सांदवाडीतल्या (परसबागेतल्या) दुधीवरून आलेली माशी धुरा, म्हणजे बांध, पाहून थांबत नाही.

उपाय दोन. वांगं, मिरची, भेंडी यांच्या उमलायच्या आधीच्या कळ्यांवर मलमलची छोटी पिशवी बांधा, फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत धागा बांधा. वेलांना मात्र हातानेच परागण करावं लागतं, कारण नर आणि मादी फुलं वेगवेगळी. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नराच्या मागे नुसता देठ. उमलण्याच्या बेतातली, टोक पिवळसर झालेली दोन्ही फुलं आधीच दोऱ्याने चिमटून बंद करा. उमलायची वेळ झाली की नर फूल तोडा, पाकळ्या मागे सोला आणि पराग मादीच्या मधल्या भागावर हळूच फिरवा. मादी फूल लगेच पुन्हा बांधा, देठाला खुणेचा धागा लावा.

वेळ चुकली की सगळी मेहनत फुकट. कोहळं (लाल भोपळा), काकडी आणि गिलकं (घोसाळं) सकाळी उमलतात, म्हणून त्यांना आदल्या संध्याकाळी बांधायचं आणि सकाळी परागण करायचं. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, त्यांना दुपारी चारच्या आत बांधून दिवेलागणीला परागण करायचं. दोडका आणि गिलकं ही सख्खी चुलत भावंडं, पण एक सांजेचं आणि दुसरं सकाळचं. हे माहीत नसलं की माणूस सकाळी दोडक्याच्या मिटलेल्या फुलाशी झटत बसतो आणि फळ धरलं नाही म्हणून वेलाला बोल लावतो.

बियाण्यासाठी एकच वेल किंवा एकच झाड धरू नका. वांग्याची, मिरचीची निदान दहा-बारा झाडं, वेलांचे सहा ते दहा वेल, बरबटीची वीस झाडं, यांतून थोडं थोडं बी घेऊन मिसळा. एकाच झाडाचं बी दरवर्षी घेत गेलं की वाण वरून तसाच दिसतो, पण जोम ओसरत जातो. रोगट, बोकडलेली, वेगळ्या पानाची झाडं फुलाच्या आधीच उपटा.

पायरी ३: काढणी आणि वाळवण

खायचं फळ आणि बियाण्याचं फळ वेगळं. वांगं पिवळं-तपकिरी होऊन लिबलिबीत होईपर्यंत झाडावर ठेवा. दुधी, दोडका, गिलकं हलवल्यावर आतून खुळखुळ आवाज यायला हवा. काकडी पिवळी, जाड सालीची होऊ द्या. कारलं नारिंगी होऊन फुटायच्या आत काढा, नाहीतर पाखरं आधी पोचतात. बियांवरचा लाल गर चोळून धुवा. भेद्राचा गर पाण्यात एक ते दोन दिवस आंबवा. विदर्भातल्या उन्हाळ्यात एक दिवस पुरे, दुसऱ्या दिवशी तपासल्याशिवाय ठेवू नका, जास्त राहिलं तर बी पाण्यातच मोड धरतं. वर तरंगलेलं पोकळ बी ओतून द्या, तळाचं धुऊन घ्या.

एप्रिल-मेच्या उन्हात बियाणं टिनाच्या पत्र्यावर किंवा सिमेंटच्या गच्चीवर पसरणं म्हणजे ते भाजणंच. हवेचं तापमान पंचेचाळीस असताना पत्रा त्याहून कितीतरी तापतो आणि ओलं बी आतून मरतं. दिसायला चांगलं वाळतं, म्हणून चूक कळते थेट पेरल्यावर. आधी दोन-तीन दिवस सावलीत सुपात किंवा कापडावर, मग सकाळी दहाच्या आत आणि चारनंतरच्या उन्हात. कागदावर ओलं भेद्राचं बी पसरू नका, चिकटतं. वाळलं की नाही हे असं पाहा: दुधीचं किंवा कोहळ्याचं बी वाकवलं तर कट्कन मोडलं पाहिजे. नुसतं वाकलं तर अजून ओल आहे.

बरबटी आणि पोपटाचा भुंगा बहुतेक वेळा वावरातच शेंगेवर अंडी घालतो आणि बियाण्याबरोबर घरात येऊन वाढतो. म्हणून वाळवल्यावर लगेच चाळलेली कोरडी राख मिसळा, दाणा राखेत बुडला पाहिजे. किंवा किलोला पाच ते दहा मिली खायचं तेल चोळा. बाकी बी घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीपासून आणि पत्र्याखालून दूर. कांद्याचं बी वर्षभरात वापरा, मिरची आणि भेंडी दोन वर्षांत. वांगं आणि वेलवर्ग तीन-चार वर्षं चालतात.

पायरी ४: उगवण मोजा

न मोजता दिलेलं बियाणं म्हणजे अंदाजपंचे. शंभर दाणे निवडून नव्हे, डोळे मिटून मोजा. निवडले की आकडा फुगतो. बरबटी, भेंडी, वेलवर्ग यांना धुतलेलं गोणपाट घ्या, भिजवून पिळा, दहा-दहाच्या दहा ओळी लावा, वरून ओलं गोणपाट ठेवून गुंडाळी करा. वांगं, मिरची, भेद्रं यांना गोणपाटाचे धागे जाड पडतात, त्यांना सुती कापड किंवा चार पदरी कागद बरा. गुंडाळी माठाजवळ, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली चाचणी हमखास कमी दाखवते, कारण वांगं आणि भेद्रं अति उष्णतेत मोडच काढत नाहीत. दोष बियाण्याचा नसतो.

बरबटी आठ दिवसांनी मोजा. वांगं, मिरची, भेद्रं आणि वेलवर्ग चौदा दिवसांनी. भेंडी एकवीस दिवसांपर्यंत थांबवा, तिचे काही दाणे कठीण सालीचे असतात. मूळ आणि कोंब दोन्ही नीट असलेलेच मोजायचे. नुसतं फुगलेलं, कुजकं, वाकडं मूळ बाजूला. फळातून नुकतंच काढलेलं वांग्याचं किंवा कारल्याचं बी झोपेत असतं, महिना-दीड महिना थांबून चाचणी घ्या.

प्रमाणित बियाण्याला किमान उगवण मिरची, वेलवर्ग ६० टक्के, भेंडी ६५, वांगं आणि टोमॅटो ७०, चवळी ७५ अशी धरतात. दारातून देताना हे बंधन नाही, पण मोजमाप म्हणून चांगलं. त्याखाली आलं तर देऊ नका, स्वतः दाट पेरा. सरकारी आकडा हवा असेल तर नागपूरला बियाणे चाचणी प्रयोगशाळा आहे. नमुना किती ग्रॅम आणि शुल्क किती हे आधी विचारून जा, वांग्याचं बी उगाच जास्त जायला नको.

पायरी ५: चिठ्ठी लिहा

दारातून देताना लेबलाची सक्ती नाही. तरी चिठ्ठी द्याच. ती साध्या कागदावर, हाताने लिहिलेली असावी. फिकट हिरवं आणि निळं लेबल वापरू नका. हिरवं सत्यप्रत (विकणाऱ्याने स्वतःच्या हमीवर विकलेल्या) बियाण्याचं, निळं प्रमाणित बियाण्याचं, तसा रंग वापरला की तुम्ही बियाणे धंद्यातले असल्याचा भास होतो. ‘प्रमाणित’, ‘शंभर टक्के शुद्ध’, ‘रोग येणार नाही’ हे शब्द लिहू नका. भरलेली चिठ्ठी अशी दिसते:

पीक: लाल भोपळा (आपल्याकडचं कोहळं)
घरातलं नाव: चपटं कोहळं
कुठे पिकवलं: स्वतःच्या सांदवाडीत, गाव व तालुका
हंगाम: खरीप २०२५, फळ उतरवलं डिसेंबरात
परागण: हाताने, फूल बांधून
उगवण: १०० पैकी ८१, मोजली १८ मे २०२६
दाणे: २०
प्रक्रिया: काही नाही
देणाऱ्याचं नाव, सही

पहिल्या ओळीत दोन नावं का, तर आपल्याकडचं कोहळं हे पुण्याकडे लाल भोपळा असतं, आणि तिकडचा कोहळा म्हणजे पेठ्याचा पांढरा. आपला पोपट तिकडे वाल. आणि ‘सांभाराचं बी’ लिहून पुडी सातारला पाठवली तर तिकडचा माणूस डाळीचाच विचार करील, त्याला धने म्हणावं लागतं. सगळे वाद मोठ्या फसवणुकीतून होत नाहीत, बरेच अशा नावांतून होतात.

बियाण्याला औषध लावलं असेल तर त्याचं नाव आणि ‘खाण्यासाठी, जनावरांना किंवा तेलासाठी वापरू नये’ हे ठळक लिहा. बरबटीच्या बाबतीत तर नक्कीच, कारण उरलेलं बी सरळ भाजीत जातं.

पुडी किती मोठी असावी याचा अंदाज: वांग्याचं बी एका ग्रॅममध्ये दोनशेच्या आसपास, भेद्राचं तीनशेच्या आसपास, मिरचीचं दीडशेच्या पुढे, भेंडीचे पंधरा-सोळा दाणे. परसबागेला वांगं एक ग्रॅम आणि भेंडी २५ ग्रॅम पुरते. दुधी, कोहळं मोजून द्या, तोलून नको.

पायरी ६: वही

दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर बियाणं: कुठल्या झाडांचं, कधी काढलं, उगवण किती. उजव्या पानावर कोणाला, कधी, किती दिलं, पैसे घेतले की बदल्यात काय आलं. ‘दीडपट परत’ या जुन्या रीतीने दिलं असेल तर तसं लिहा. प्रत्येक वाणाची एक पुडी, निदान दोनशे दाण्यांची, तारीख टाकून दोन वर्षं राखून ठेवा. उगवलं नाही अशी तक्रार आली तर ती पुडी पुन्हा तपासता येते, बोलाचालीची वेळ येत नाही. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तो ग्राहक आयोगात जाऊ शकतो.

कुठे, कसं द्यायचं

दारातून, वावरातून, पेरणाऱ्याला: मोकळं आहे, पैसे घेऊनही.

आठवडी बाजारात पाटी मांडून: इथे ‘आपल्या जागेवर’ हा तुकडा तुटतो. एखाद्या बाजारी दोन पुड्या गेल्या म्हणून कोणी पकडत नाही, हे खरं. पण मृगाच्या तोंडावर भरारी पथकं बोगस बियाण्यामागे फिरत असतात, आणि त्या धामधुमीत तुमची पुरचुंडी आणि बोगस पाकीट एकाच गोणीत जातं. बाजारात भाजी विका, बियाण्यासाठी घरचा पत्ता द्या.

बियाणे महोत्सवात, प्रदर्शनात: जागेवरची सूट इथे नाही आणि कलम ७ व्यवसायाला लागतं, म्हणून अदलाबदल आणि नमुना हौसेपुरताच ठेवा, विक्रीचा गल्ला मांडू नका. भरवणाऱ्यांनी तालुका कृषी कार्यालयाला लेखी कळवलं आहे का, हे आधी विचारा.

बचत गट किंवा शेतकरी कंपनीतर्फे: इथे बहुतेक जण घसरतात. वीस बायांनी आपापलं बी गटाकडे दिलं आणि गटाने एका नावाने पाकिटं विकली, तर विकणारा पिकवणारा राहिला नाही. कलम २४ गेलं. आता नियंत्रण आदेशाखाली परवाना हवा: नमुना ‘अ’ मध्ये अर्ज, साठवणुकीची आणि विक्रीची जागा दाखवणारे कागद, मिळालेला परवाना नमुना ‘ब’ मध्ये. त्यानंतर साठा आणि भाव यांचा फलक, प्रत्येक विक्रीची पावती, साठा नोंदवही, आणि पाकिटावर खरं लेबल. लेबलाची मुदत चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने, त्यानंतर पुन्हा चाचणी. एवढा व्याप नको असेल तर गटाने बियाणे बँकच चालवावी. सभासदाने बी न्यावं, हंगामानंतर दीडपट किंवा दुप्पट परत करावं, बरणीवर पिकवणाऱ्याचं नाव तसंच राहावं.

मोबाइलवरून मागणी, कुरिअरने पाठवणं: ओळखीच्याला दहा दाणे पाठवणं वेगळं, आणि दर लिहिलेली यादी गटावर टाकून पार्सलं करणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला जागेवरची सूट बसत नाही आणि ती यादीच व्यवसायाचा पुरावा ठरते. नियमित करायचं तर परवाना घ्या.

परदेशातून मागणी: नाही म्हणा. परदेशी व्यक्ती, अनिवासी किंवा परदेशी नियंत्रणाखालची कंपनी यांना राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी मंजुरी लागते, शिवाय टपालातल्या बियाण्याला विलगीकरणाचे नियम आहेत. नातवाने अमेरिकेतून आजीच्या हातचं वांग्याचं बी मागितलं तरी उत्तर तेच.

देशातल्या कंपनीने किंवा व्यापाऱ्याने वाण वाढवून विकण्यासाठी मागितला, तर राज्य जैवविविधता मंडळाला कळवल्याचा कागद आधी मागा. मंडळाचं मुख्यालय नागपुरातच आहे. कागद नसताना नमुन्याचं बी हाती देऊ नका.

निरीक्षक आला तर

दार लावून घेऊ नका, वही उघडा. ‘हे मी पिकवलं, इथूनच देतो, घेणारा पेरणारा आहे, कलम २४’ एवढं सांगा. नमुना घेतला तर तो तीन भागांत होतो आणि त्यातला एक सीलबंद भाग तुम्हाला मिळायला हवा. तो मागून घ्या, उघडू नका. विक्री बंदचा आदेश दिला तर तो लेखी घ्या, त्याची मुदत तीस दिवसांपेक्षा जास्त नसते. पंचनाम्यात ‘विक्रीसाठी साठा’ असं लिहिलं असेल आणि ते तुमच्या घरच्या पेरणीचं बी असेल, तर सहीच्या आधी तसं नमूद करायला लावा. सही झाल्यावर दुरुस्ती होत नाही.

वाण तुमच्या नावावर

नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी पटेल-३ या धानातून निवडत निवडत एक वाण उभा केला. तो एचएमटी नावाने देशभर गेला, आणि नाव पडलं मनगटी घड्याळावरून. तेव्हा २००१ चा कायदा नव्हता, त्यामुळे शेतकऱ्याच्या नावाने नोंद करायची सोयच नव्हती. आता आहे. परंपरेने राखलेला वाण ‘शेतकरी वाण’ म्हणून नोंदवता येतो, शेतकऱ्याला शुल्क माफ आहे, आणि वाण नवा असण्याची अट नाही. ही नोंद करणाऱ्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क प्राधिकरणाचं शाखा कार्यालय पुण्याला आहे. अर्जासाठी जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राची मदत घ्या. तुमचं पीक नोंदणीच्या यादीत आहे का, एवढं आधी तपासा, कारण रानभाज्या आणि काही किरकोळ भाज्या त्यात नसतात.

यादीत नसलं तरी दोन कामं होतात. अकोल्याला राष्ट्रीय वनस्पती अनुवंशिक संसाधन ब्युरोचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथे नमुना देता येतो का ते विचारा. आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. ती बऱ्याच गावांत एकदा भरून कपाटात गेलेली असते, तरी मागून काढायला लावा. वाणाचं स्थानिक नाव, फळाचं वर्णन, किती वर्षांपासून कोणाच्या घरी आहे हे लिहून घ्या, फोटो लावा, आणि त्या पानाची झेरॉक्स सरपंचाच्या सही-शिक्क्यासह आपल्या वहीत चिकटवा.